आमच्या बेटावर कुत्री पाठवू नका

प्रति,
पणजी, मडगाव, पुणे, मुंबई आणि जिथून जिथून ‘एक कुत्रा ठेवून घ्याल का?’ असा निरोप येतो तिथले सर्व प्राणिप्रेमी, तसेच गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, जुवे अशी जी बेटं आहेत, त्यांतल्या एका बेटावर आम्ही काही जण मिळून जखमी, आजारी आणि टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी निवारा चालवतो. निवारा म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, तिच्या मागे जाळीचे कप्पे आणि पूर्वी जिथे गोठा होता ती एक खोली. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव कुठे छापून आलं, की पुढच्या रविवारी फेरीबोटीतून भोकं पाडलेला एखादा खोका उतरतो, आणि तो धक्क्यावर ठेवणारा माणूस त्याच फेरीने परत गेलेला असतो.

आमच्यात एक निवृत्त तारवटी (जहाजावर नोकरी केलेले) आहेत, एक शाळेतल्या बाई, एक परिचारिका, पणजीला नोकरीवर जाणारी दोन-तीन मुलं आणि हिशेब ठेवणारी मी. पगार कुणालाच नाही. पशुवैद्य नदीपलीकडून ठरलेल्या दिवशी येतात. बाकीच्या दिवशी त्यांना फोनवर विचारून जखमेतले किडे काढणं, ड्रेसिंग बदलणं, औषध खिम्यात लपवून भरवणं हे आम्हीच करतो. रात्री शेवटची फेरी गेल्यावर एखादी कुत्री पिल्लं होताना अडली, तर सकाळपर्यंत तिच्याजवळ बसून राहण्यापलीकडे हातात काही नसतं.

तुमचे निरोप दोन तऱ्हांचे असतात. पहिले अगदी मायेचे: ‘तुमच्याकडे मोकळी जागा आहे, हिरवळ आहे, गाड्या नाहीत. आमचा ब्रूनो तिथे मजेत राहील.’ दुसरे सोसायटीच्या छापील कागदावरचे: ‘आवारातील भटकी कुत्री हलवण्याचा ठराव झाला आहे, टेम्पोचा खर्च आम्ही करू.’ दोन्हींचा सूर वेगळा, पण समजूत एकच. बेट म्हणजे रिकामी जागा, तिथे काहीही नेऊन ठेवलं तरी कुणाची अडचण होत नाही.

आमचं बेट रिकामं नाही. प्रत्येक वाड्याची, प्रत्येक चॅपलच्या पायरीची, खाजनाच्या (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) प्रत्येक बांधाची कुत्री ठरलेली आहेत. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की एका हद्दीतली कुत्री त्याच्यामागे ठरावीक कोपऱ्यापर्यंत जातात. तिथून पुढे दुसऱ्यांची हद्द. मासळीवाली कुठे बसते, काट्यांचा पहिला हक्क कुणाचा, हे सगळं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं आहे. अशा ठिकाणी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला लॅब्रॅडॉर धक्क्यावर उतरवला, तर पहिल्या चौकापर्यंतसुद्धा तो धड पोचत नाही. मानेवर, मागच्या मांडीवर चावे घेतलेला तो आमच्याकडे येतो, तेही कुणी आणला तर. काही कुत्री लपतात, खाणं सोडतात. काही धक्क्यावरच बसून राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक फेरीतून उतरणाऱ्या माणसांचे पाय हुंगत बसतात. फेरीवरचे कामगार त्यांना बिस्किटं घालतात, आम्ही दोरी घेऊन जातो. पण ती जवळ येत नाहीत, कारण त्यांना आम्ही नको असतो. हस्कींचा प्रश्न आणखी वेगळा. सायबेरियातल्या थंडीसाठी घडलेली ती कातडी गोव्याच्या मे महिन्यात बाळगायची म्हणजे एसी हवा, आणि एसीचं बिल भरायचा कंटाळा आला की बेट आठवतं. (हस्की घेताना बेट कुणालाच आठवत नाही.)

कायद्याचं म्हणाल, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा पाळीव जनावर असं उघड्यावर टाकून देणं हा गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ठरवलेली ही रक्कम कायद्याच्या त्या कलमात तशीच आहे. रायबंदरच्या एखाद्या हॉटेलात दोन कप चहा आणि भजी घेतली तरी याहून जास्त होतात. त्यामुळे दंडाची भीती दाखवण्यात अर्थ नाही, हे मला कळतं.

सोसायट्यांचे पदाधिकारी अलीकडे सर्वोच्च न्यायालयाचा हवाला देतात, म्हणून त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. ११ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं होतं. ते तुमच्या लक्षात राहिलं. पण २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला: कुत्र्यांची नसबंदी करा, जंतांचं औषध द्या, लस टोचा आणि जिथून उचलली तिथेच परत सोडा, रेबीज झालेली किंवा तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळा. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवलं. तुमच्या सोसायटीची पार्किंगची जागा या यादीत बसत नाही. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही हेच सांगतात: पकडणं, शस्त्रक्रिया आणि परत सोडणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, आणि तीही मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. अध्यक्षांनी टेम्पो ठरवून कुत्री नदीपार करावीत, अशी मुभा यांतल्या एकाही कागदात नाही.

पण समजा, कायदा क्षणभर बाजूला ठेवला. खरी अडचण रेबीजची आहे, आणि ती गोव्याबाहेरच्या फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोव्यात २०१४ पासून सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून जे काम केलं, त्याचा इथल्या माणसाने अभिमान बाळगावा. जाळी घेतलेल्या तुकड्या वाड्यावाड्यांतून फिरतात. पाळीव असो वा रस्त्यावरचं, दिसेल ते कुत्रं पकडून लस टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि तिथल्या तिथे सोडतात. किती कुत्र्यांना लस दिली, किती निसटली, हे मोबाइलमधल्या नकाशावर भागवार नोंदलं जातं. शाळांतून मुलांना शिकवतात, आणि संशयित कुत्र्याची खबर मिळाली की तातडीने पथक जातं. दर वर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या कामामुळे कुत्र्यांमधले रेबीजचे मासिक रुग्ण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू शून्यावर आले. २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालेलं गोवा हे देशातलं पहिलं राज्य. जगात रेबीजने जाणाऱ्या माणसांपैकी सुमारे ३६ टक्के भारतात जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या देशातल्या एका राज्यात हे घडलं.

हे सगळं एका हिशेबावर उभं आहे. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस असली, की विषाणूला एकाकडून दुसऱ्याकडे जायला वाटच मिळत नाही. पण कुत्री मरतात, नवी पिल्लं जन्मतात, म्हणून हे प्रमाण दर वर्षी नव्याने गाठावं लागतं. या कामात बेटाला निसर्गानेच एक फायदा दिला आहे. आत येण्याच्या वाटा मोजक्या, त्यामुळे एकदा सगळ्यांना लस दिली की निम्मं काम झालं. त्या बेटावर तुम्ही बाहेरून, कदाचित दुसऱ्या राज्यातून, लसीच्या कागदाशिवाय एक कुत्रं उतरवता. ते दिसायला ठणठणीत असतं. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने. लक्षणं दिसल्यावर उपचार नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही.

म्हणून येणारं प्रत्येक नवं जनावर आम्हाला आधी वेगळं ठेवावं लागतं. आमच्याकडे असे कप्पे मोजकेच आहेत. ते भरलेले असताना मोटारसायकलखाली आलेलं गावातलंच कुत्रं कुणी पोत्यात घालून आणलं, तर त्याला ठेवायला जागा नसते. ब्रूनोने जी जागा अडवली असते, ती याची असते.

जाता जाता एक गोष्ट. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, कॉफीची पूड काही लावू नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. रक्त आलं असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनचं विचारा. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे सांगतो, तेव्हा तुम्हालाही सांगितलं.

दाटीचं दुखणं निराळं. पार्व्हो नावाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलने तो जात नाही, ब्लीचिंग लागतं, आणि ब्लीचिंग सिमेंटच्या फरशीवर चालतं, मातीवर नाही. लस पूर्ण न झालेली सहा-सात पिल्लं एका कप्प्यात असतील आणि त्यांतल्या एकाला रक्ताची हगवण सुरू झाली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत आम्ही काय बघतो ते इथे लिहीत नाही. डिस्टेंपर नावाचा रोगही तसाच, हवेतून पसरणारा. गोचीड तापाची औषधं तर आमच्या यादीत कायमचीच. तुम्ही फेसबुकवर आमच्या शेडचा फोटो टाकून ‘एवढ्याशा जागेत किती जीव सांभाळतात!’ असं कौतुकाने लिहिता, तेव्हा ते कौतुक मला सोसत नाही. चांगल्या निवाऱ्यात कप्पे रिकामे असतात. आमचं यश मोजायचं असेल तर यंदा बेटावर किती पिल्लं जन्मलीच नाहीत ते मोजा. पण त्याचा फोटो निघत नाही, आणि फोटो निघाला नाही तर देणगीही येत नाही, हेही खरं.

आणि बेटावर फक्त कुत्री आणि माणसं नाहीत. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीचं. या बेटांच्या खाजनांत आणि मानशींपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी) पाणमांजरं वावरतात, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. उपाशी कुत्र्यांचा कळप भरतीच्या रेषेवर फिरू लागला की पाणपक्ष्यांचं काय होतं, हे पक्षिनिरीक्षकांना विचारा. प्राणिप्रेमाच्या गप्पांत हे प्राणी कुणाच्या फारसे लक्षात येत नाहीत.

कुत्री बेटावर पाठवण्याची कल्पना नवी नाही. १९१० साली इस्तंबूलमधली भटकी कुत्री गोळा करून मार्मारा समुद्रातल्या सिव्रिआदा नावाच्या ओसाड बेटावर नेऊन टाकली. सुमारे ८०,००० असा आकडा सांगितला जातो. तिथे ना पाणी, ना अन्न. त्यांचं ओरडणं वाऱ्यावर शहरापर्यंत येत होतं म्हणतात, मग हळूहळू थांबलं. त्या शहराने कुत्री मारण्याचा हुकूम काढला नव्हता. फक्त हलवली. तुमच्या ठरावात ‘स्थलांतर’ हा शब्द असतो, तेव्हा मला हे आठवतं.

मुंबईचंही सांगते. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारने भटकी कुत्री मारायला लावली होती, दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं, आणि पारशी मंडळी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. बाजार बंद पडले, किल्ल्यातल्या इंग्रजांना माल मिळेना. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभारली. पुढे परळला बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचा दवाखाना आला, ज्याला मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ही मंडळी श्रीमंत होती, परोपकारी होती आणि त्यांच्यात आपसांत मतभेदही पुष्कळ होते. पण पांजरपोळ त्यांनी स्वतःच्या वस्तीत, भुलेश्वरला बांधली, समुद्रापलीकडे नाही. आपल्या गल्लीतलं जनावर आपल्याच गल्लीचा प्रश्न आहे, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

बेटावरचा निवारा कसा असावा याची चांगली उदाहरणंही आहेत. थायलंडच्या क्राबी प्रांतात कोह लांता नावाचं बेट आहे. तुमच्यापैकी अनेक जण तिकडे सहलीला जाऊन आले असाल. तिथली लांता अ‍ॅनिमल वेल्फेअर ही संस्था २००५ पासून बेटावरच्या जनावरांवर उपचार करते, नसबंदी करते आणि बेटाबाहेर, अगदी परदेशातही, त्यांना घरं शोधते. पर्यटक येतात, कुत्र्यांना फिरायला नेतात, आणि परतताना एखादं कुत्रं किंवा मांजर विमानातून नव्या घरी पोचवायला सोबत नेतात. तिकडे कॅरिबियनमध्ये टर्क्स अँड केकॉस बेटांवर ‘पॉटकेक’ म्हणून ओळखली जाणारी गावठी कुत्री आहेत. त्यांची पिल्लंही अशीच पर्यटकांच्या हातून अमेरिका-कॅनडात घरी पोचतात. दोन्ही ठिकाणी पाहुणा बेटावरून जनावर घेऊन जातो. आमच्याकडचा पाहुणा घेऊन येतो.

तेव्हा मागणं असं आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज खायला घालत असाल, तर त्याची नसबंदी आणि लस ही तुमच्याच डब्यातली पुढची वाढ समजा. नुसतं खायला घालणं सोपं असतं. ते करून मिळणारं समाधानही लगेच मिळतं. पकडून, शस्त्रक्रिया करून, कानाला खूण करून तिथेच परत आणण्याला महिना-महिना पाठपुरावा लागतो. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते. हा पाठपुरावा दोन महिने लांबला, की तुमच्या गेटपाशी एकाऐवजी सात असतात आणि मग आम्हाला फोन येतो.

घरचं कुत्रं ठेवणं खरंच अशक्य झालं असेल, परदेशी बदली, घरात आजारपण, घटस्फोट, अशी कारणं असतात आणि मी त्यांना हसत नाही, तर त्याला घर शोधण्याचं काम तुम्ही करा. जोवर घर मिळत नाही तोवर ते तुमच्याचकडे राहू दे. जाहिरात लिहून देऊ, फोटो कसे काढायचे ते सांगू, घर बघायला गोव्यात कुठेही जाऊ. फक्त आमच्या कप्प्यात आणून ठेवू नका. सात वर्षांचं पाळीव कुत्रं जाळीमागे बसलेलं पाहून कुणी घरी नेत नाही. तुमच्या सोफ्यावर बसलेलं पाहिलं तर नेतं.

सोसायट्यांनी टेम्पोचे पैसे वाचवावेत आणि आपल्या महापालिकेकडे, नगरपालिकेकडे किंवा पंचायतीकडे लेखी अर्ज करावा: आमच्या आवारात इतकी कुत्री, त्यांतल्या इतक्यांच्या कानाला खूण नाही, तारीख द्या. अर्जाची पोच घ्या. पुन्हा जा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण सोसायटीचं पाणी आणि कचरा याच मार्गाने मिटतात, नाही का?

आणि सुट्टीत गोव्यात घर भाड्याने घेऊन राहणाऱ्या मंडळींना वेगळी विनंती. सहा महिन्यांसाठी पिल्लू पाळू नका. अंगणात येणाऱ्या पिल्लाला तुम्ही चिकन खायची सवय लावता, रात्री आत घेता, नाव ठेवता आणि एप्रिलमध्ये निघून जाता. त्याला तोवर रस्त्यावर जगायचं कसब आलेलं नसतं. ती वेळ टळायची असेल, तर एक तर ते पिल्लू पुण्याला घेऊन जा, नाही तर नाव न ठेवता लस द्या आणि त्याच्या आईची नसबंदी करून द्या. खर्च परवडत नसेल तर कळवा, आपण मिळून बघू.

मदत नको असं मी म्हटलेलं नाही. जुनी वर्तमानपत्रं, चादरी, तांदळाची कणी, ब्लीचिंग पावडर, पिल्लांच्या लसी ठेवायला चालू स्थितीतला छोटा फ्रिज, हे सगळं हवं आहे. नदीपलीकडे गाडी घेऊन थांबेल असा कुणी रात्रीच्या वेळी मिळाला तर सगळ्यात हवा. ऑगस्टमध्ये दिवाडीला बोंदेराचा उत्सव असतो, मग चतुर्थी, मग दिवाळी. फटाक्यांच्या त्या दिवसांत आमची सगळी फौज शेडमध्ये बसून असते, तेव्हा दोन माणसं जास्त असली तर बरं पडतं.

सध्या आमच्याकडे एक काळी कुत्री आहे. छातीवर पांढरा ठिपका, वय पाच-सहा, मागचा डावा पाय नाही. नसबंदी झालेली, लसी पूर्ण. लहान मुलांशी चांगली, मांजरांशी अजिबात नाही. तळमजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं घर हवं, दिवसभर साखळीला बांधणारं नको. शिवाय दोन भाऊ आहेत, तपकिरी, दीड वर्षाचे. एकत्रच द्यायचे आहेत, कारण वेगळं केलं की दोघंही जेवत नाहीत. घर पाहायला आम्ही स्वतः येऊ, आणि पहिले काही महिने अधूनमधून फोन करून त्रास देऊ, याची तयारी ठेवा. न्यायला तुम्हाला बेटावर यायची गरज नाही. पलीकडच्या धक्क्यावर आणून देतो.

कळावे,
आपली नम्र,
बेटावरची एक स्वयंसेविका